बाक कुठल्या खात्यात येतो

आई घरीच गेली, झोपेत. दिवसकार्य उरकलं आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मृत्यूची नोंद करायला नगरपालिकेत गेले. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, मधे दोन गल्ल्या; त्यामुळे असली कामं आपसूक माझ्याकडे येतात. जिन्याखालच्या खिडकीवर पाटी होती, ‘जन्म-मृत्यू नोंदणी’. माझ्यापुढे एक तरुण उभा होता, त्याला मुलगी झाली होती. त्यानं खिडकीतल्या बाईंना पेढा दिला. बाईंनी तो घेतला, तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या डॉक्टरांच्या कागदाकडे गेलं. पेढा त्यांनी तोंडात टाकला नाही. कागदात गुंडाळून खणात ठेवला.

फॉर्मवर आईचं नाव लिहिताना मी तिचं माहेरचं आडनाव लिहिलं. का, ते आजही सांगता येणार नाही. दुसरा फॉर्म घेतला तर तारीख चुकली. बाईंनी तिसरा फॉर्म पुढे केला, आतून एक स्टूल दाराबाहेर सरकवलं आणि म्हणाल्या, “ताई, बसून लिहा. घाई नाही.” माझ्यामागे रांगेत चार माणसं होती, त्यांतलंही कुणी काही बोललं नाही. पावती फाडताना त्यांनी विचारलं, “घरी वडील आहेत का?”

मी मान हलवली.

“त्यांना संध्याकाळी एकटं नका ठेवू. दिवस कसाही जातो. संध्याकाळ वाईट असते.”

त्या बाईंना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. कायद्यानं मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. म्हणजे गावात ज्या ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरातलं कुणी ना कुणी तीन आठवड्यांच्या आत त्या खिडकीसमोर येऊन उभं राहतं, आणि बाई ते वर्षानुवर्षं बघत आल्या आहेत. कुठल्या घरात नुकतं दुःख झालं आहे, कुठलं म्हातारं माणूस एकटं पडलं आहे, कुठल्या तिशीतल्या बाईवर दोन पोरांचा भार आला आहे, हे गावातल्या कुठल्याही डॉक्टरच्या आधी नगरपालिकेला कळतं. रजिस्टरमध्ये तारखेवार लिहिलेलं असतं. हा विचार मला त्या दिवशी सुचला नाही. पुढे दीड-दोन वर्षं एका बाकासाठी नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठे सुचला.

अण्णांची संध्याकाळ त्या बाकावर जायची. आई होती तेव्हापासून. नगरपालिकेच्या वाचनालयाच्या कुंपणाबाहेर पिंपळाला पार बांधलेला होता, आणि पाराला लागून दोन सिमेंटचे बाक, काटकोनात ठेवलेले. एका बाकाच्या पाठीवर लाल ऑइलपेंटनं ‘कै.’ एवढंच राहिलं होतं, पुढचं नाव पावसानं गेलं होतं. बसायच्या जागेवरचा मोझॅक झिजून गुळगुळीत झाला होता, आणि कडेला एक टवका उडाला होता त्यात अण्णा काठी टेकवायचे. पाच जण जमत. अण्णा, निवृत्त पोस्टमास्तर, एक शाळामास्तर, सरकारी दवाखान्यातले जुने कंपाउंडर आणि एसटीतले एक कंडक्टर. आम्ही पोरं त्यांना त्यांच्या कामावरूनच ओळखायचो. साडेपाचला येत, दिवे लागले की उठत. पेपर एकच असायचा, पण त्याची पानं वेगळी करून पाचांत वाटली जात. निधनवार्तांचं पान कंपाउंडरांकडे. ते मोठ्यानं वाचायचे, कारण गावातली बहुतेक नावं त्यांच्या ओळखीची.

आई गेल्यावर सव्वा महिन्यानं अण्णा पुन्हा बाकावर जाऊ लागले. त्या पहिल्या संध्याकाळी त्या चौघांपैकी कुणीही त्यांचं सांत्वन केलं नाही. पोस्टमास्तरांनी फक्त सरकून त्यांची नेहमीची जागा मोकळी केली आणि खेळाचं पान त्यांच्या हातात दिलं. अण्णांनी घरी येऊन हे मला सांगितलं. आईबद्दल ते पहिल्यांदा काही बोलले, ते त्याच रात्री.

पुढच्या उन्हाळ्यात रस्ता रुंद झाला. पार फोडला गेला, पिंपळ तेवढा राहिला. दोन्ही बाक जेसीबीनं उचलून ट्रॅक्टरमध्ये टाकले. त्या जागी पेव्हर ब्लॉक आले, लोखंडी साखळ्या आल्या, आणि गावाच्या नावाची मोठी चमकती अक्षरं आली, ज्यांच्यासमोर उभं राहून पोरं फोटो काढतात. बाक परत न लावण्याचं कारण असं सांगण्यात आलं की, तिथे रात्री टवाळ पोरं बसतात. पोरं अजून बसतात, साखळ्यांवर. म्हाताऱ्यांना साखळीवर बसता येत नाही, एवढाच काय तो फरक पडला.

पाच जणांनी आधी देवळाच्या पायऱ्या करून पाहिल्या. कंडक्टरांचे गुडघे खालच्या पायरीवरून उठू देईनात. मग चहाच्या टपरीवर दोन दिवस बसले; पण टपरीवर चहा न घेता तासभर बसायचं म्हणजे जीव चोरून बसणं. मास्तरांच्या ओट्यावर जमायचं ठरलं, तर सुनेला रोज पाच कप चहा ठेवावा लागतो हे मास्तरांनाच बरं वाटेना. महिन्याभरात मैफल मोडली. कुणाचं कुणाशी भांडण झालं नाही. बसायला जागा नव्हती, म्हणून मोडली.

अण्णा घरात राहू लागले. साडेपाच वाजले की शर्ट घालायचे, बटणं लावायचे आणि पलंगावर बसायचे. आधी जेवण कमी झालं. मग पहाटे तीनला जाग यायला लागली. रेडिओ लावणं बंद झालं. भाऊ म्हणायचा, वय झालं. वहिनी म्हणायची, आईंच्या मागे असंच होणार. अण्णांना विचारलं तर म्हणायचे, “काही नाही गं. जीव रमत नाही.”

आपल्या भाषेत यासाठी शब्द पुष्कळ आहेत. जीव रमत नाही, मन लागत नाही, घोर लागलाय, आतून पोखरतंय, करमत नाही, डोकं भणभणतं, ऊर भरून येतो. गावातल्या बाया डॉक्टरकडे गेल्यावर हेच शब्द वापरतात, आणि बहुतेक वेळा शक्तीचं इंजेक्शन घेऊन परत येतात. ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द मात्र आपल्याला परका वाटतो. तो ऐकला की लोकांच्या डोळ्यांसमोर येरवडा नाहीतर ठाण्याचं रुग्णालय येतं, आणि संभाषण तिथेच थांबतं.

आमच्या डॉक्टरांनी अण्णांना तपासलं, बाहेर येऊन मला सांगितलं की, हे नैराश्याकडे चाललंय, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागलं. एसटीनं पावणेदोन तास, मग ओपीडीची रांग. डॉक्टर मुलगी तरुण होती आणि फार चांगली होती. तिनं गोळी लिहून दिली, ती लागूही पडली, अण्णांची झोप सुधारली. पण चिठ्ठी देताना ती म्हणाली, “काका, रोज संध्याकाळी तासभर लोकांत बसत जा. हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.” अण्णांनी विचारलं, “कुठं?” त्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, आणि तिच्याकडे असायचं कारणही नव्हतं. ते उत्तर नगरपालिकेकडे होतं.

बंगळुरूच्या निमहान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशभर मानसिक आरोग्याचं मोठं सर्वेक्षण केलं. त्यात दिसलं की, त्या घडीला प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता; आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. हा आकडा मी आमच्या गावाला लावून पाहिला. चाळीस हजारांची वस्ती, त्यात मोठी माणसं धरा अठ्ठावीस हजार. म्हणजे तीन हजारांच्या आसपास माणसं. आठवडी बाजारात एका वेळी जेवढी गर्दी दिसते तेवढी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, २०२२ च्या १० ऑक्टोबरपासून १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, त्यावर चोवीस तास कुणीतरी बोलतं, मराठीतूनही बोलतं. हे सगळं हवंच. पण जिल्ह्याच्या ओपीडीत तीन हजार माणसं मावणार नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेकांना ओपीडीची गरजही नसेल, वेळेत कुणी आणि काही भेटलं तर.

मी अर्ज लिहिला. ‘विषय : वाचनालयासमोर बाक बसविणेबाबत.’ टपाल टेबलावर दिला, पोच घेतली. पंधरा दिवसांनी गेले तर अर्ज आरोग्य विभागाकडे गेला होता, कारण मी त्यात वडिलांच्या प्रकृतीचा उल्लेख केला होता. आरोग्य विभाग म्हणजे आमच्याकडे साफसफाई, धूरफवारणी आणि मोकाट कुत्री. तिथल्या निरीक्षकांनी सज्जनपणे सांगितलं की, बाक आमच्याकडे येत नाही, बांधकामला द्या. बांधकाम म्हणालं, रस्ता आता आमच्याकडे नाही, सुशोभीकरणाचं काम वेगळ्या योजनेतलं. उद्यान विभागाचा माणूस म्हणाला, पिंपळ बागेत नाही, रस्त्यावर आहे. तेव्हा नगरपालिकेवर प्रशासक होते, राज्यात जवळपास सगळीकडेच होते. ज्याच्या दारात जाऊन हक्कानं बसावं असा नगरसेवक नव्हता. मुख्याधिकारी मीटिंगला गेलेले असत. प्रत्येक टेबलावर मला एकच प्रश्न ऐकू यायचा, बाक नक्की कुठल्या खात्यात येतो?

घरी येऊन मी घटनेची बारावी अनुसूची काढून वाचली. ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ ची. तिनं शहरांच्या कारभारासाठी १८ विषय सांगितले. पाणीपुरवठा, रस्ते आणि पूल, सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता, झोपडपट्टी सुधारणा, गरिबी निवारण, बागा आणि मैदानं, सांस्कृतिक कामं, स्मशानं, जन्म-मृत्यूची नोंद, रस्त्यावरचे दिवे, बस थांबे, स्वच्छतागृहं. अपंग आणि मतिमंद यांच्यासह दुर्बल घटकांचं हितरक्षण हाही एक विषय आहे. यादीत ‘मन’ असा शब्द नाही. पण मी एकेक ओळ वाचत गेले आणि प्रत्येक ओळीपाशी गावातलं एक माणूस आठवत गेलं. दिवा नाही म्हणून सातनंतर क्लासला जायचं बंद झालेली मुलगी. स्वच्छतागृह नाही म्हणून बाजारात दिवसभर पाणी न पिणारी भाजीवाली. मला तेव्हापासून असं वाटतं की, गावाचं मानसिक आरोग्य हा नगरपालिकेसाठी नवा विषय नाहीच. तो आधीपासून तिच्या अठराही विषयांत आहे. फक्त त्या नावानं त्याची फाइल कुणी उघडलेली नाही.

पाण्याचंच घ्या. आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं. ते दुष्काळी भागात कुणी मनाला लावून घेत नाही, साठवण करतो. खरा त्रास वेळेचा होता. कधी रात्री अकरा, कधी पहाटे तीन. शेजारच्या वहिनी त्या रात्री पलंगावर झोपतच नसत. मोरीच्या दाराशी खुर्ची टाकून, पाइपचं तोंड हौदात सोडून, भिंतीला डोकं टेकून बसत. तोटीतून आधी हवा येते, सूं-सूं आवाज होतो, मग खाकरल्यासारखं गढूळ पाणी, मग स्वच्छ. त्या हवेच्या आवाजानं वहिनींना जाग यायची. नंतर नंतर पाणी नसलेल्या रात्रीही त्यांना तो आवाज यायला लागला. त्या मला म्हणाल्या होत्या, “मला वाटतं मला वेड लागेल.” हसत म्हणाल्या, पण मी त्यांचा चेहरा पाहिला होता.

मग पाणीपुरवठ्याला एक नवीन अभियंता आले. त्यांनी नवी टाकी बांधली नाही, पाइप बदलले नाहीत. वॉलमनला बसवून वॉर्डवार वेळा ठरवल्या आणि आदल्या संध्याकाळी वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्याच आवाजातला निरोप टाकायला लावला : “उद्या पहाटे पाच ते साडेसहा, वॉर्ड सात.” पाणी तेवढंच, पाचव्याच दिवशी. वहिनी पलंगावर झोपायला लागल्या. महिन्याभरानं त्यांचं डोकं दुखायचं थांबलं. या अभियंत्यांना कुणी मानसिक आरोग्याचा पुरस्कार देणार नाही, पण आमच्या वॉर्डातल्या शंभर-दीडशे बायांना त्यांनी झोप दिली. माणसाची झोप मोडणं आणि त्याला सतत अनिश्चिततेत ठेवणं याहून लवकर मन खचवणारं काही मला माहीत नाही.

अर्ज फिरत होता त्या काळात मी हरारेबद्दल वाचलं आणि रात्रभर मला झोप लागली नाही. झिंबाब्वेची ही राजधानी. २००५ मध्ये तिथल्या सरकारनं अतिक्रमण म्हणून वस्त्याच्या वस्त्या बुलडोझरनं पाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं सात लाख लोकांचं घर किंवा पोट त्यात गेलं. त्यानंतर तिथल्या मनांचं काय झालं असेल याची कल्पना करता येते. देशात मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. त्यांपैकी एक, डॉ. डिक्सन चिबांडा, यांनी २००६ मध्ये म्बारे नावाच्या गरीब वस्तीत काम सुरू केलं. हाताशी ना पैसा, ना डॉक्टर, ना नर्स. होत्या त्या फक्त १४ आज्या, वस्तीतच राहणाऱ्या, आरोग्याचं काम करणाऱ्या. दवाखान्यात खोली मिळेना, म्हणून आवारात झाडाखाली लाकडी बाक ठेवला. समोर बसलेल्या माणसाचं ऐकायचं, त्याच्या अनेक अडचणींतली एक निवडायला लावायची, आणि तिच्यावर काय करता येईल ते त्याच्याच तोंडून काढून घ्यायचं, एवढं या आज्यांना शिकवलं.

डॉक्टरांच्या मनात त्याला ‘मानसिक आरोग्याचा बाक’ म्हणायचं होतं. आज्या म्हणाल्या, अशा बाकावर कुणी बसणार नाही. मग त्याचं नाव मैत्रीचा बाक झालं. तिथल्या शोना भाषेत नैराश्याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं, विचारांनी पोखरलं जाणं. आमच्या गावातली बाई डॉक्टरला सांगते तेच. पुढे हरारेच्या २४ दवाखान्यांत ५७३ लोकांवर शास्त्रीय अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा बाकावर बसलेल्या लोकांची नैराश्याची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरीच कमी होती. मला यातली सगळ्यांत मोठी गोष्ट ही वाटते की, ते दवाखाने शहराच्या नगरपालिकेचे होते. आज्याही नगरपालिकेच्याच आरोग्यसेविका होत्या. म्हणजे माणसं, जागा आणि बाक, तिन्ही शहराकडे आधीच होतं.

आपल्याकडेही हे काही अगदीच अनोळखी नाही. गोव्यात ‘संगत’ ही संस्था १९९६ पासून आहे. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून सरकारी आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून उभं करता येतं, हे त्यांनी दाखवलं आहे. आमच्या गावात आशाताई आहेत, अंगणवाडीसेविका आहेत, बचत गटाच्या बाया आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहे. निवृत्त परिचारिका तर मलाच चार माहीत आहेत, ज्यांना दुपारी काय करायचं हा प्रश्न पडतो. पुणे महापालिकेनं ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं बांधली, ती भरलेली असतात. लहान गावाला तेवढी इमारतही लागत नाही.

ग्रामपंचायतीचं तर मला विशेष वाटतं, कारण तिथे ठराव करणारे आणि ठराव ज्यांना लागू होतो ते एकाच गल्लीत राहतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ४ मे २०२२ ला ठराव केला की, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. कोरोनात गेलेल्या तरुण माणसांच्या बायका गावोगाव होत्या, त्या पार्श्वभूमीवर हा ठराव आला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं.

ती बातमी वाचली तेव्हा मला मावशी आठवली. माझे मावसकाका गेले तेव्हा मी नववीत होते. चार बायांनी मावशीचे हात धरून पाट्यावर बांगड्या फोडल्या, एका काचेनं मनगट कापलं, आणि ते रक्त कुणी पुसलंसुद्धा नाही, कारण सगळ्या रडण्यात होत्या. मावशी त्यानंतर वीस वर्षं हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत गहू निवडत बसायची. तिला काय झालं होतं याला दवाखान्यात नाव मिळालं असतं, पण ते तिला झालं कसं हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. गावानं मिळून केलेली जखम गावालाच मिळून थांबवावी लागते, आणि ग्रामसभेशिवाय ती दुसरी कुठली जागा आहे? ठरावानं सगळ्यांची मनं एका दिवसात बदलत नाहीत, हे खरं. पण एखाद्या सुनेला, ‘असं करायचं नाही, पंचायतीचा ठराव आहे’ एवढं म्हणता आलं तरी तिच्या पाठीशी कुणीतरी उभं राहतं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावानं २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरांचा अभ्यास, मोठ्यांचं वाचन आणि बोलणं. ती संध्याकाळचीच वेळ. खिडकीतल्या बाई म्हणाल्या होत्या ती.

गावासाठी काय करावं हे कुणी मला विचारलंच, तर मी नगरपालिकेला आधी तिच्या स्वतःच्या माणसांकडे बघायला सांगेन. पहाटे पाचला झाडू घेऊन निघणारे सफाई कामगार, त्यांतले बरेच ठेकेदाराकडचे, पगार दोन-दोन महिने मागे. गटारात उतरायच्या आधी दारू का लागते हे त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं होतं. तो म्हणाला, “ताई, वास नाकात जातो ते चालतं, डोक्यात राहतो त्याचं काय?” त्याचा पगार दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला होणं हा मला पहिला उपचार वाटतो, समुपदेशक त्यानंतर.

आणि एक आई. आमच्या भागात एक मुलगा आहे, आता तिशीचा, त्याला भास होतात. औषधं चालू आहेत, तो कुणाला त्रास देत नाही. त्याची आई गेली पंधरा वर्षं कुठल्या लग्नाला गेलेली नाही, कारण त्याला एकटं सोडता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि मानसिक आजार त्यांतला एक आहे. आपल्या राज्यात नगरपालिकांना पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो. आमच्याकडे तो तीनचाकी सायकलींवर, उपकरणांवर खर्च होतो, तेही हवंच. पण या मुलाचं नाव त्या यादीत नाही. नाव घालायचं तर प्रमाणपत्र हवं, प्रमाणपत्र काढायचं तर गावाला कळणार, बहिणीचं लग्न व्हायचंय. वाचनालयाच्या मागची खोली दुपारी तीन तास उघडी ठेवली, तिथे एक शिकवलेली सेविका, कॅरम, चित्रकलेचं सामान आणि एक पंखा असला, आणि पाटीवर काहीही लिहिलेलं नसलं, तर त्या आईला तीन तास मिळतील. ती काय करेल असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, “झोपेन.”

गेल्या डिसेंबरात नगरपालिकेची निवडणूक झाली. प्रचाराला आमच्या वॉर्डात ज्या बाई उभ्या होत्या त्या घरी आल्या, अण्णांच्या पाया पडल्या, म्हणाल्या, “अण्णा, काय करायचं वॉर्डात सांगा.” लोक गटार सांगतात, रस्ता सांगतात. अण्णा म्हणाले, “बाक.” त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून विचारलं, “अर्ज केलाय का आधी?” मी पोच दाखवली. त्यावर चार खात्यांचे शेरे होते. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला.

निवडून आल्यावर त्या महिला व बालकल्याण समितीवर गेल्या, आणि मी त्यांच्यामागे दोन गोष्टींसाठी लागले. बाक एक. दुसरी त्या जिन्याखालच्या खिडकीची. दाखल्यासोबत हातात द्यायची एक छोटी चिठ्ठी मी लिहून काढली आहे. वर फक्त एवढंच, की घरात माणूस गेल्यावर झोप न येणं, जेवण न जाणं, कशातच जीव न रमणं हे होतं. फार दिवस राहिलं तर १४४१६ वर बोला, फोन मोफत आहे. आणि खाली ओपीडीचा वार. पहिल्या दोनशे प्रती मी माझ्या पैशांनी काढल्या. खिडकीतल्या बाईंना दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचल्या आणि म्हणाल्या, “‘बोला’च्या आधी ‘घरचं माणूस सोबत घेऊन’ असं घाला. एकट्यानं फोन लावायला लोक घाबरतात.” मी ते घातलं. चिठ्ठ्या आता त्यांच्या खणात आहेत, दाखल्याच्या कोऱ्या कागदांशेजारी.

बाकाचं काम मागच्या मंगळवारी निघालं. सुशोभीकरणाच्या साखळ्यांच्या आत, पिंपळाखाली, दोन बाक मंजूर झालेत. नगरपालिकेचा मिस्त्री टेप घेऊन आला होता. त्यानं आधी दोन्ही बाक एका रेषेत, रस्त्याकडे तोंड करून, अशी खूण केली, कारण नकाशात तसं होतं. अण्णा काठी टेकत गेले. कंडक्टर आता नाहीत, गेल्या पावसाळ्यात गेले; बाकीच्या तिघांना अण्णांनी सकाळी फोन केले होते. पोस्टमास्तर आले, कंपाउंडर नातवाच्या स्कूटरवर आले, मास्तर सावकाश चालत आले.

“असे नको,” अण्णा मिस्त्रीला म्हणाले, आणि त्यांनी काठीनं मातीत दोन रेघा ओढल्या, काटकोनात, पूर्वी होत्या तशा.

मिस्त्रीनं टेप सोडली. “काका, मधे अंतर किती ठेवू?”

अण्णांनी मास्तरांना हाताला धरून एका रेघेवर उभं केलं, आपण दुसऱ्या रेघेवर जाऊन उभे राहिले, आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, “मास्तर, येतंय का ऐकू?”

मास्तरांनी कानामागे हात धरला. डाव्या कानानं त्यांना येत नाही.

“थोडं अलीकडे घ्या,” अण्णा मिस्त्रीला म्हणाले.